महाबळेश्वरला आईचे गुलाब: थंडीआधी पावसाचं बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. माहेर सांगलीचं, आईला आता बाग झेपत नाही म्हणून तिच्या अंगणातले सात गुलाब तुम्ही तीन वर्षांपूर्वी महाबळेश्वरला आणले. पहिला हिवाळा छान गेला, पुढच्या दोन वर्षांत चार झाडं गेली. थंडीनं मेली असं वाटून तुम्ही एका परदेशी व्हिडिओत बघितल्याप्रमाणे उरलेल्यांची कलमाची गाठ, म्हणजे खालचा खुंट आणि वरची जात जोडलेली असते ती जागा, मातीत पुरली, बुंध्याशी पाल्याचा ढीग लावला, वरून प्लॅस्टिक घातलं. तरी तिन्ही झाडं खंगलेलीच आहेत. म्हणून तुम्ही विचारताय की एवढ्या थंडीत गुलाब टिकवायचे कसे.

मी वाईला राहतो. छोटी रोपवाटिका आहे, आणि गेली चोवीस वर्षं आठवड्यातले तीन दिवस वर महाबळेश्वर-पाचगणीच्या बंगल्यांच्या बागा बघतो. तुमच्या प्रश्नात मधेच एक वाक्य आलंय, "गणपतीच्या सुमारास झाडाला पानच राहत नाही," आणि माझं बोट तिथंच थांबलं. तुमची झाडं जानेवारीत मेलेली नाहीत. ती जुलै-ऑगस्टमध्ये मेली. थंडी आली तेव्हा त्यांच्यात फुटायला काही उरलंच नव्हतं, म्हणून दोष थंडीवर गेला. उपाय शोधायचा तो पावसावर, धुक्यावर आणि मुळाशी साठणाऱ्या पाण्यावर.

थंडीचं आधी सांगून टाकतो. विश्रांतीत गेलेला चांगला गुलाब शून्याखाली आठ-दहा अंश सहज सोसतो. काश्मीरमध्ये गुलाब बर्फातून निघून पुन्हा फुलतात. युरोप-अमेरिकेतल्या थंड भागांत जमीनच गोठते, कलमाची गाठ हा झाडाचा नाजूक भाग असतो आणि तो गोठून मेला तर वरची जात संपते, खालचा जंगली खुंट तेवढा राहतो. म्हणून तिकडे गाठ दोन इंच मातीत ठेवतात आणि हिवाळ्यात बुंध्यावर फूटभर मातीची भर देतात. त्यांच्या जागी ते बरोबरच आहे. आपल्याकडे वेण्णा तलावाच्या सखल भागात काही रात्री दव गोठतं, पेपरात फोटो येतात, पण ते पहाटेपुरतं. जमीन गोठत नाही. त्यामुळे गाठ पुरून फायदा काहीच होत नाही. उलट पाऊस सुरू झाला की ती गाठ चार महिने ओल्या मातीत कुजत राहते. तुमचं पहिलं काम हेच: येत्या रविवारी बुंध्याची माती हातानं बाजूला सारा, गाठ बोटभर वर उघडी दिसली पाहिजे. पाला आणि प्लॅस्टिकही काढा.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून एवढं ठासून सांगतोय. वर काम सुरू केलं तेव्हा एका बंगल्याच्या मालकांनी थंड देशातल्या बागकामाचं पुस्तक दिलं होतं. ते वाचून मी चाळीस गुलाब गाठ मातीखाली ठेवून लावले. खड्डेही दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल घेतले, खाली वाईला घेतो तसेच. पहिला पावसाळा संपला तेव्हा नऊ झाडं उभी होती. मेलेलं एक झाड उपटलं तर जोर लावावाच लागला नाही. मुळाला नासक्या चिखलाचा वास येत होता, आणि मूळ चिमटीत धरून ओढलं तर साल सगळी बोटांत निसटून आली, आत दोऱ्यासारखा गाभा तेवढा राहिला. पांढरी मुळी एकही नाही. तुमचं एखादं मेलेलं झाड अजून जागेवर असेल तर उपटून बघा, हेच दिसेल.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप पटेल. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. आपल्या लाल मातीखाली जांभा असतो. जांभा तसा पाणी पाझरू देतो, पण त्यात कुदळीनं चौकोनी खड्डा खणून मऊ माती-शेणखत भरलं की तो खड्डा म्हणजे हौद होतो. आजूबाजूचं पाणी तिथंच येऊन बसतं. सांगलीच्या काळ्या जमिनीत आईनं खड्डा घेऊन लावले, ते जगले, कारण तिथं पाऊसच बेताचा. इथं खड्डा घ्यायचाच नाही. जमिनीच्या वर यायचं.

आपले स्ट्रॉबेरीवाले काय करतात ते पाचगणीजवळच्या भिलारला जाऊन एकदा बघा. पाऊस ओसरल्यावर लागण करतात आणि तीही उंच गादीवाफ्यावर. गुलाब बारमाही असल्यानं त्याला पाऊस टाळता येत नाही, म्हणून गादीवाफा आणखी उंच हवा. मी दीड फूट उंचीचा करतो, कडेनं जांभ्याचे चिरे कोरडेच रचतो, सिमेंट लावत नाही, म्हणजे फटींतून पाणी निघून जातं. भरायला दोन भाग लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत आणि एक भाग भरड काहीतरी: जाड रेती, विटांचा बारीक चुरा किंवा भाताचं तूस, जे मिळेल ते. शेणखत हातात घेतल्यावर मातीसारखा वास आला पाहिजे. कच्चं शेण वरच्या हवेत लवकर कुजत नाही आणि मुळी जाळतं.

माती आम्लधर्मी असते हेही लक्षात ठेवा. गुलाबाला सामू (पीएच) सहा ते साडेसहाच्या आसपास लागतो, आपल्याकडे तो बऱ्याचदा त्याखाली असतो, कारण पावसानं चुना वाहून जातो. पण अंदाजानं चुना टाकू नका. मातीचा नमुना कृषी विज्ञान केंद्रात किंवा सरकारी माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या आणि ते सांगतील तेवढाच घाला. स्फुरद (फॉस्फरस) या लाल मातीत अडकून बसतो, झाडाला मिळत नाही. अशा आम्ल मातीत हाडांचा चुरा हळूहळू लागू पडतो, म्हणून लागणीच्या वेळी मी झाडामागे मूठभर घालतो. खाली काळ्या मातीत तोच चुरा घातला तर फारसा उपयोग दिसत नाही.

आता पानांचं. गणपतीत झाड उघडं पडतं ते काळ्या ठिपक्यांच्या रोगामुळे. खालच्या पानावर शाईचा थेंब टिपकागदावर पसरावा तसा कडा विस्कटलेला काळा ठिपका दिसतो, भोवती पान पिवळं पडतं, आणि नुसता धक्का लागला तरी गळतं. ही बुरशी आहे. पान सलग सात-आठ तास ओलं राहिलं की तिचं बी रुजतं, आणि 18 ते 24 अंशांची हवा तिला सगळ्यांत मानवते. जुलैतलं महाबळेश्वर डोळ्यांसमोर आणा: पान सात तास नव्हे, सात-सात दिवस ओलं असतं, आणि तापमान नेमकं तेवढंच. गव्हाचा तांबेरा हाही बुरशीचाच रोग, आणि त्याचा अभ्यास करणारं गहू गेरवा संशोधन केंद्र महाबळेश्वरला आहे. इथली थंड, दमट हवा बुरशीला किती मानवते हे त्यावरूनच ओळखा.

पानं गेली की झाड अन्न तयार करू शकत नाही. मग ते खोडातला साठा वापरून पावसातच नवी फूट काढतं, ती फूटही रोगानं जाते, पुन्हा साठा मोडतो. असं दोन-तीनदा झालं की ऑक्टोबरात हातात नुसत्या काड्या राहतात.

म्हणून माझं ठाम मत आहे की पावसाळ्यात गुलाबाच्या डोक्यावर छप्पर हवंच. फवारणीच्या जोरावर उघड्यावर गुलाब राखणारे लोक आहेत, मीही काही बागांत ते करतो, पण त्यात औषध जास्त जातं आणि घरच्या बागेत ते मला पटत नाही. सात-आठ झाडांसाठी दहा बाय आठ फुटांचा मांडव पुरतो. पॉलिहाऊसला वापरतात तो 200 मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद वर घाला, उताराला ताण देऊन बांधा, चारी बाजू मोकळ्या ठेवा. बाजू बंद केल्या तर आतली ओल कोंडते आणि रोग दुप्पट होतो. सांगाडा लोखंडी पाइपचाच करा. बांबूचा केला तर जुलैतला वारा तो उचलून दरीत टाकेल. पूर्वी इथं भिंतींना झड लागू नये म्हणून लोक मृगाच्या आधी गवताचे पडदे बांधायचे. घरासाठी जी काळजी, तीच झाडासाठी, असं समजा.

मांडव शक्य नसेल तर कुंड्या. चौदा इंची कुंडी, खाली भोकं मोठी, विटांवर उचलून ठेवलेली. मे संपता संपता त्या व्हरांड्यात, जिथं उजेड येतो पण पागोळ्या पडत नाहीत अशा ठिकाणी न्यायच्या. पागोळीखाली कुंडी राहिली तर उघड्यावर ठेवल्याहून वाईट.

यातलं बरंच तुमचं घर नेमकं कुठं आहे त्यावर ठरतं, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. पाचगणी तुमच्यापासून वीसेक किलोमीटर, पण तिथं पाऊस निम्म्याहूनही कमी. तिकडच्या उघड्या जागेत नुसत्या गादीवाफ्यावर गुलाब तरतात. तुमचं घर वेण्णेच्या अंगाला सखल भागात असेल तर दवाची काळजी घ्यावी लागेल, बाजारपेठेच्या बाजूला उंचावर असेल तर वाऱ्याची. आणि अंगणात जांभूळ-हिरड्याची दाट सावली असेल, दिवसाला पाच तासही ऊन मिळत नसेल, तर स्पष्ट सांगतो, तिथं जमिनीत गुलाब लावू नका. गच्चीवर कुंडीत लावा.

वर्षाचं गणित खालच्या पुस्तकांपेक्षा वेगळं मांडावं लागतं. मृगाच्या आधी मोठी छाटणी करू नका. फक्त मेलेल्या काड्या काढा आणि जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंतची पानं खुडा, म्हणजे मातीचे शिंतोडे पानावर जाणार नाहीत. जून ते सप्टेंबर खत नाही, फुलाची अपेक्षाही नाही. कळी आली तर वाटाण्याएवढी असतानाच खुडून टाका. जीव कळवळतो, मला माहीत आहे, पण ते फूल झाडाला महाग पडतं. रोज एक फेरी मारून ठिपक्याचं पान दिसेल ते काढायचं, खाली पडलेलंही उचलायचं, आणि कंपोस्टमध्ये न टाकता जाळायचं. त्या गळलेल्या पानातच पुढच्या वर्षीचा रोग असतो. मांडवाखालीही धुकं येतंच, म्हणून पावसाच्या उघडिपीत, पान कोरडं असताना, मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला दोन ग्रॅम या हिशोबानं पानाच्या दोन्ही बाजूंनी मारा. तोंडाला फडकं, हातात मोजे. तांब्याची औषधं थंड ओल्या हवेत गुलाबाचं पान करपवतात, ती पानावर टाळा.

छाटणी. इथंच बहुतेकांचं चुकतं. वाई-साताऱ्याकडे दसऱ्याला कात्री लागते. वर तेव्हा परतीचा पाऊस चालू असतो, कोवळी फूट त्यात सापडते. उलट डिसेंबरपर्यंत थांबलात तर थंडीनं डोळे, म्हणजे फांदीवरचे कोंब, फुटायला महिना लावतात. माझी वेळ ठरलेली आहे: पाऊस संपून आठ दिवस कोरडे गेले की, म्हणजे साधारण कोजागिरी ते दिवाळी. वाईला छाटणीपासून पंचेचाळीस-पन्नास दिवसांत फूल येतं, वर मी साठ-पासष्ट धरतो. म्हणजे दिवाळीच्या आसपास कात्री लावली की नाताळ-संक्रांतीला बहर. त्या फुलासाठीच तर हे सगळं. थंडीत पाकळी जाड येते, रंग गडद चढतो, आणि खाली दोन दिवसांत उमलून झडणारं फूल वर आठवडाभर झाडावर राहतं.

तुमच्या तीन झाडांना यंदा खोल छाटणी नको, त्यांच्यात ताकद नाही. मेलेला भाग काढा, जिवंत फांदीवर सहा-सात डोळे ठेवा, बाहेरच्या अंगाला बघणाऱ्या डोळ्याच्या पाव इंच वर तिरका काप घ्या. कापल्यावर काडीच्या तोंडाकडे बघा. गाभा तपकिरी असेल तर अजून खाली उतरा. पांढरा, ओलसर, कापलेल्या काकडीसारखा दिसला की थांबा. जखमेवर बोर्डो पेस्ट लावा: शंभर ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, प्लॅस्टिकच्याच भांड्यात, मग दोन्ही एकत्र. त्यात विळ्याचं पातं मिनिटभर बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. नाही आला तर पेस्ट तयार. छाटणीनंतर झाडामागे दोन ओंजळी शेणखत, मूठभर निंबोळी पेंड, आणि नवी फूट चार बोटं लांब झाली की गांडूळखत.

डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी झाली की भुरी येते, कोवळ्या शेंड्यावर पीठ शिंपडल्यासारखी. तिला पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम पुरे. दव गोठण्याची भीती असलेल्या रात्री, म्हणजे आकाश निरभ्र आणि वारा पूर्ण पडलेला, दुपारीच वाफ्याला पाणी द्या, ओली माती दिवसाची ऊब धरून ठेवते. संध्याकाळी चार काठ्या रोवून वरून गोणपाट टाका, सकाळी ऊन आलं की काढा. प्लॅस्टिक पानाला टेकलं तर जिथं टेकतं तिथंच पान काळं पडतं. शेंडे करपलेच तर लगेच कापू नका, थंडी ओसरेपर्यंत थांबा, खालचे डोळे फुटतात. थंडीसाठी करायचं ते एवढंच.

तुम्ही जातींची नावं दिलीत त्यावर माझं मत सांगतो. ग्लॅडिएटर आणि क्वीन एलिझाबेथ ही काटक झाडं, मांडवाखाली बिनधास्त ठेवा. डबल डिलाईट 1977 सालची, तिच्या पाकळ्यांवर लाली चढते ती उन्हानं, म्हणून तिला सगळ्यांत उन्हाची जागा द्या. ओल्या हवेत तिची कळी उमलतच नाही, तशीच मिटून कुजते. पापा मेयां, तो काळपट लाल, सुगंधाचा राजा, बुरशीला फार लवकर बळी पडतो. पण तुम्ही लिहिलंय की आईचा सगळ्यांत लाडका तोच. मग तो सोडायचा नाही. फक्त त्याला जमिनीत लावू नका. एक झाड, एक कुंडी, व्हरांड्यातली सगळ्यांत चांगली जागा त्याची.

आणि चार गेले म्हणून खचू नका. त्याच जातींची आईची आणखी झाडं सांगलीत अजून उभी असतील तर त्यांचे डोळे आणता येतात. फुलून गेलेली, पेन्सिलीएवढी जाड फांदी घ्या. पानं कापा पण प्रत्येक पानाचा देठ अर्धा इंच ठेवा. ओल्या फडक्यात, वरून वर्तमानपत्रात गुंडाळा आणि फांदीवर जातीचं नाव बांधा. सकाळी सांगलीहून एसटीनं निघालात तर संध्याकाळपर्यंत डोळे ताजे राहतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा डोळा भरायचा, म्हणजे खुंटाच्या सालीत तो डोळा बसवून कलम करायचा काळ. वर आम्ल मातीत बहुफुली जंगली गुलाबाचा खुंट, ज्याला रोपवाटिकेत मल्टिफ्लोरा म्हणतात, माझ्या अनुभवात चांगला चालतो, तोच मागा. डोळा भरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी त्या देठाला बोटानं हलकं टेकवा. देठ टपकन गळून पडला आणि डोळा हिरवा असला तर जमलं. देठ वाळून चिकटून बसला तर पुन्हा भरावा लागेल.

आईकडे गावठी गुलाब आहे म्हणालात, त्याला खुंटाचीही गरज नाही. वीतभर लांब काड्या कापा, दोन डोळे वर आणि बाकी मातीत, सावलीत लावा. पाच लावल्यात तर दोन-तीन फुटतात. ते झाड स्वतःच्या मुळावर असतं, त्यामुळे शेंडा मेला तरी बुडातून पुन्हा तोच गुलाब येतो. महाबळेश्वरला पहिलं झाड कुठलं लावू असं कुणी विचारलं की मी तेच देतो.

मांडवाची जागा ठरवण्याआधी अंगणाचे सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चारचे असे तीन फोटो काढून टाका. ऊन कुठून कसं फिरतं ते दिसलं की वाफा कुठं आणि किती लांब घ्यायचा ते सांगतो.